रोजच्या गाडीचे काम, चाळीसगाव–धुळे: जानेवारी ते जून २०२५ च्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून ही वही सुरू करत आहे. गाडी २०१४ च्या अखेरीस घेतलेली स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. इंजिन ११९७ सीसी, चार सिलिंडर. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ६००० आरपीएमला ८४.३ पीएस (अश्वशक्ती) आणि ४००० आरपीएमला ११५ एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर). आजचे रीडिंग १,०८,६४० किलोमीटर. आठवड्यातून पाच दिवस चाळीसगावहून मेहुणबारे मार्गे धुळ्याला कामावर जाणे-येणे, आणि महिन्यातून एकदोनदा कन्नड घाट चढून छत्रपती संभाजीनगरला सासरी, असा तिचा वापर आहे. गाडी नादुरुस्त नाही. पण ट्रकला ओलांडताना तिसऱ्या गिअरमध्ये ती पूर्वीसारखी पुढे सरकत नाही, आणि दिवाळीत घाट उतरताना ब्रेकचे पेडल अर्ध्याहून अधिक खाली गेले होते. त्या दिवशी मागच्या सीटवर दोन्ही मुले होती. हे काम हाती घेण्याचे खरे कारण तेच आहे.

काही सुटे भाग बदलायचे आणि मग "फरक जाणवतो" म्हणायचे, असे मला करायचे नाही. म्हणून कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी मोजमाप केले. मोजण्याच्या गोष्टी दोन. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून ८० पर्यंत जायला लागणारा वेळ, धुळे रस्त्याच्या एकाच सपाट पट्ट्यावर, जाताना तीन आणि येताना तीन वेळा, म्हणजे वारा आणि उतार यांचा परिणाम कापला जातो. दुसरे म्हणजे ताशी ५० वरून पूर्ण थांबेपर्यंतचे अंतर, औद्योगिक वसाहतीतील रविवारी रिकाम्या असणाऱ्या सिमेंटच्या रस्त्यावर, खडूची रेघ आणि मोजपट्टी घेऊन. वेगाची नोंद ओबीडीच्या (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या) सॉकेटला लावायच्या छोट्या ब्लूटूथ यंत्रातून मोबाइलवर येते. इंजिनात शिरणाऱ्या हवेचे आणि कूलंटचे तापमानही त्याच यंत्रातून दिसते. पेट्रोल नेहमी एकाच पंपावरचे भरायचे ठरवले आहे.

सकाळी साडेसहा, बाहेर १४ अंश. ४० ते ८० ची सरासरी ८.४ सेकंद. थांबण्याचे अंतर १५.२ मीटर. गाडीत एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे चाके लॉक होणार नाहीत इतपतच पेडल दाबून हे मोजले.

१९ जानेवारी

एअर फिल्टरचा डबा उघडला. नवीन काही बसवण्याआधी असलेले सगळे जागेवर आहे का हे पाहायचे, एवढाच उद्देश होता. डब्याच्या चार क्लिपांपैकी मागची, हात सहज न पोचणारी एक क्लिप लागलेलीच नव्हती. फिल्टर उचलल्यावर त्याच्या स्वच्छ बाजूला, रबरी कडेला लागून, बोटभर लांबीची एक काळी रेघ दिसली. बोटाने पुसली तर ती काजळी नव्हती, माती होती. आपल्या काळ्या रानातली, पिठासारखी बारीक. पापुद्र्याएवढ्या त्या फटीतून धूळ फिल्टरला वळसा घालून थेट इंजिनात जात होती. गेल्या सर्व्हिसिंगला ज्या गॅरेजमध्ये फिल्टर बदलला, तिथेच ही क्लिप सुटून राहिली असणार. अशी धूळ सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा घासते, आणि तो घासलेला भाग कोणत्याही महागड्या सुट्या भागाने परत मिळत नाही.

डबा ओल्या फडक्याने पुसला, कागदाचा नवीन मूळ फिल्टर टाकला आणि चारही क्लिपा आवाज येईपर्यंत बसवल्या. इंजिनात किती हवा जाईल हे ठरवणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या पाकळीभोवती तपकिरी थर होता; क्लीनर थेट न फवारता कापडावर घेऊन पुसला, कारण थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे आणि पाकळी हाताने जोरात ढकलली तर तिची मोटर बिघडू शकते. इंजिन पूर्ण थंड असताना स्पार्क प्लग काढले. फीलर गेजने गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, १.३ मिलीमीटर भरली. पुस्तिकेप्रमाणे ती जास्तीत जास्त १.१ हवी. चारही प्लग बदलले. नवीन प्लग आधी बोटांनी फिरवून बसवावेत आणि शेवटचा ताण तेवढा टॉर्क पान्याने द्यावा, हे नवशिक्यांनी पाळलेच पाहिजे. प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचे डोके (सिलिंडर हेड) ॲल्युमिनियमचे असते आणि आटे एकदा गेले की खर्च दहापट होतो.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी १५ अंश. सरासरी ७.९ सेकंद. अर्ध्या सेकंदाचा हा फरक ताकद "वाढल्याचा" नसून गेलेली परत मिळाल्याचा आहे, हे स्पष्ट लिहून ठेवते.

ओळखीच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडी नेली. कापसाच्या गाड्यांची रांग सरल्यावर त्यांनी काट्यावर घेऊ दिले. चालकाशिवाय, टाकी साधारण अर्धी, वजन १,०२० किलो. डिकीत गावाकडून आणलेली तूरडाळीची गोणी, भरलेला पाण्याचा कॅन, जुना ट्रकचा जॅक आणि दोन लोखंडी पाइप निघाले. ते उतरवून पुन्हा काट्यावर घेतली तेव्हा ९८० किलो. चाळीस किलो म्हणजे एकूण वजनाच्या जवळपास चार टक्के, आणि त्याला एक रुपया लागला नाही. स्टेपनी व तिचा जॅक मात्र गाडीतच राहतील. मेहुणबारे आणि शिरूडच्या दरम्यान रात्री पंक्चर झाले तर चार टक्क्यांचा काही उपयोग नाही.

९ फेब्रुवारी

टायर. या कामात सर्वांत जास्त विचार, चौकशी आणि पैसा इथे गेला.

जुन्या टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर २२१८ होते, म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा. नक्षी अजून चार मिलीमीटर शिल्लक होती म्हणून मी ते वापरत राहिले. पण नख रुतवून पाहिले तर रबर लाकडासारखे झाले होते. आपल्याकडे गाडी सात-आठ महिने उन्हात उभी असते, त्यामुळे इथे टायर झिजण्याआधी कडक होतो.

धुळ्यातल्या दुकानात मला सोळा इंची चाके आणि १९५ रुंदीचे टायर घेण्याचा आग्रह झाला. दिसायला ते चांगले दिसते, हे मान्य. पण माझ्या मॉडेलला मूळ १६५/८० आर १४ टायर येतो, आणि याच गाडीच्या वरच्या झेडएक्सआय प्रकारात कंपनी १८५/६५ आर १५ देते. हिशेब वहीतच केला. पहिल्या टायरचा बाहेरचा व्यास: रिमचे १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलीमीटर, अधिक रुंदीच्या ८० टक्के उंची दोन्ही बाजूंनी, म्हणजे १३२ दुणे २६४, एकूण ६१९.६. दुसऱ्याचा: ३८१ अधिक १२०.२५ दुणे, एकूण ६२१.५. फरक दोन मिलीमीटरपेक्षा कमी, म्हणून स्पीडोमीटर खोटा बोलत नाही, गिअरचे गुणोत्तर बदलल्यासारखे होत नाही, आणि चाक पूर्ण वळवल्यावर मडगार्डला घासत नाही. शिवाय ही मापे कंपनीनेच या गाडीला दिलेली असल्याने कायद्याच्या दृष्टीनेही प्रश्न उरत नाही. झेडएक्सआयची मूळ अलॉय चाके जुन्या बाजारात १२,००० रुपयांना मिळाली. बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून एकही वाकलेले नाही याची खात्री केल्यावरच पैसे दिले. टायर चार नवीन, २१,००० रुपये.

एक गोष्ट माझ्या अंदाजाविरुद्ध निघाली. अलॉय म्हणजे हलके, असे मी धरून चालले होते. घरच्या धान्याच्या काट्यावर जुने पोलादी चाक टायरसकट १४.१ किलो भरले आणि नवे १५ किलो, कारण रिम एक इंच मोठी आणि टायर रुंद. फिरणारे वजन वाढले की गाडीला वेग घ्यायला जास्त जोर लागतो, आणि तसेच झाले: ४० ते ८० चा वेळ ७.९ वरून ८.० वर गेला. परंतु थांबण्याचे अंतर १५.२ वरून १३.६ मीटरवर आले, म्हणजे दीड मीटरपेक्षा जास्त कमी झाले. रस्त्यात अचानक म्हैस आडवी आली, तर एक दशांश सेकंदापेक्षा हा दीड मीटर मला हवा आहे.

टायर बसवल्यावर अलाइनमेंट केली. जुन्या पुढच्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त खाल्लेली होती, आणि यंत्रावर टो बाहेर गेलेला, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडे बाहेर वळलेली दिसली. हवेचा दाब दरवाजाच्या खांबावरील पट्टीप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना भरला. उन्हाळ्यात दाब मुद्दाम कमी ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती चुकीची आहे, कारण कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि त्या घुसळण्यानेच जास्त तापतो.

२३ फेब्रुवारी

आज ब्रेक. नाना मिस्त्रींकडे गेले. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे आहेत आणि स्वतः घाटात ट्रक चालवलेले आहेत. मी जानेवारीत पहिल्यांदा त्यांना इंजिनाबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले होते, "ताई, पहिले गाडी थांबाडानं देखा, मंग पयाडानं देखू." म्हणजे आधी गाडी थांबवायचे बघा, मग पळवायचे बघू. आज ब्रेक ऑइलच्या डब्याचे झाकण उघडल्यावर मला त्यांचे म्हणणे पुरते समजले. नव्या ऑइलचा रंग फिकट मधासारखा असतो. आतले ऑइल कोऱ्या चहासारखे काळपट होते. हे द्रव हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ३ हा ब्रेक ऑइलचा एक दर्जा. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, तोच पाणी मुरल्यावर १४० च्या आसपास येतो. घाटात सतत ब्रेक धरला की कॅलिपर (चाकाजवळचा, पॅड दाबणारा भाग) तापतो, आतल्या पाण्याची वाफ होते, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली जाते. दिवाळीत माझ्या पायाखाली नेमके हेच घडले होते.

डॉट ४ भरले, ज्याचे तेच आकडे २३० आणि १५५ आहेत. डॉट ३ आणि डॉट ४ एकमेकांत मिसळतात. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र या गाडीत कधीच टाकू नये. चारही चाकांतून हवा काढताना मी पेडलवर होते आणि नाना चाकाजवळच्या, हवा सोडायच्या निप्पलवर. ते "दाबा" आणि "धरा" म्हणत, मी तसे करत होते. शेवटच्या चाकाच्या पारदर्शक नळीतून बुडबुडे थांबून स्वच्छ द्रव यायला लागले तो क्षण मी बराच वेळ पाहत राहिले. पुढचे पॅड चांगल्या प्रतीचे घेतले, मागचे ड्रम उघडून धूळ झाडली आणि अ‍ॅडजस्टर ठीक केले. खर्च मजुरीसह ३,४०० रुपये.

नवे पॅड लगेच जोरात दाबायचे नसतात. ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने दहा वेळा वेग कमी केला, मध्ये डिस्क निवू दिली आणि पूर्ण थांबून पेडल धरून ठेवले नाही. पुढच्या रविवारी थांबण्याचे अंतर १२.९ मीटर. मग घाट वर जाऊन, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या ओढीवर उतरले. चाळीसगावच्या बाजूला सपाटीवर आल्यावर पेडल घाटमाथ्यावर होते तितकेच टणक होते.

१६ मार्च

भाच्याने त्याच्या गाडीतला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आग्रहाने चाचणीसाठी दिला. नवशिक्यांना सर्वांत आधी सुचवला जातो तो हाच भाग, त्यामुळे तो मोजून पाहणे आवश्यक होते. आवाज खरोखर सुंदर येतो. इंजिन श्वास घेताना ऐकू येते. पण आकडे वेगळे सांगतात. मूळ डब्याची नळी समोरच्या जाळीमागून, बाहेरची थंड हवा घेते. उघडा फिल्टर बॉनेटखाली, रेडिएटरच्या मागे, तापलेल्या हवेत बसतो. बाहेर ३६ अंश असताना ताशी ६० च्या स्थिर वेगात मूळ डब्यातून शिरणारी हवा ४३ अंशांची होती, उघड्या फिल्टरमधून ५१. चाळीसगावच्या रेल्वे फाटकावर एसी चालू ठेवून सहा मिनिटे थांबले, तेव्हा पहिल्यात ५४ आणि दुसऱ्यात ६९. त्याच दुपारी, एकामागोमाग घेतलेल्या फेऱ्यांत मूळ फिल्टरने ८.४ सेकंद, उघड्याने ८.६.

हवा जितकी गरम, तितकी विरळ. तेवढ्याच आकारमानात ऑक्सिजन कमी, म्हणून इंधनही कमी जळते. युरोपातल्या थंडीत वा ट्रॅकवर या फिल्टरचे काम वेगळे दिसत असेल, आपल्याकडे मार्चमध्येच ते उलटे पडले. शिवाय मातीचा प्रश्न आहेच. या उघड्या फिल्टरच्या तेल लावलेल्या कापसाच्या जाळीतून मूळ कागदी फिल्टरपेक्षा जास्त बारीक धूळ निसटू शकते, आणि १९ जानेवारीची ती काळी रेघ मी विसरलेले नाही. फिल्टर भाच्याला परत केला, आकड्यांच्या पानाचा फोटो सोबत दिला.

३० मार्च, गुढीपाडवा

गाडी धुतली, गुढीनंतर तिला हार घातला. काम काही नाही.

१३ एप्रिल

१६ मार्चच्या नोंदीतले एक कोडे उलगडायचे होते. जानेवारीत ७.९, टायर बदलल्यावर ८.०, आणि मार्चच्या दुपारी त्याच गाडीने ८.४ का? उत्तर हवेतच आहे. १४ अंशांची हवा आणि ४२ अंशांची हवा यांच्या घनतेत सुमारे ९ टक्के फरक पडतो. अंशांत २७३ मिळवून भागाकार केला की हे कळते. म्हणजे सकाळच्या थंडीत घेतलेली "आधीची" वेळ आणि दुपारच्या उन्हातली "नंतरची" वेळ यांची तुलना करून कोणी निष्कर्ष काढला, तर चांगला भागही वाईट ठरेल आणि उलट क्रमाने वाईटही चांगला ठरेल. यापुढे वहीत प्रत्येक वेळेसमोर तापमान लिहिल्याशिवाय तो आकडा धरायचा नाही.

बंपर सैल करून एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये पाहिले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या रस्त्यावर कापसाने भरलेल्या गाड्यांच्या मागे चालावे लागते, आणि त्यांच्यावरून उडालेला कापूस त्या फटीत साचून, धुळीने माखून, नमद्यासारखी चादर झाली होती. मऊ ब्रशने आणि साध्या नळीच्या पाण्याने, मागून पुढे, ती सोडवली. प्रेशरचे पाणी मारले तर पाती आडवी पडतात. अर्धी बादली कापूस निघाला. जुना कूलंट काढून मूळ प्रकारचा नवीन भरला, रेडिएटरचे झाकण बदलले. घाट चढताना एसी चालू असताना कूलंट पूर्वी १०४ अंशांवर जात होता, आज ९७ वर राहिला. या एका कामासाठी खानदेशातल्या प्रत्येक गाडीमालकाने हंगाम संपल्यावर एक रविवार द्यावा, असे मी मनापासून सांगेन.

२७ एप्रिल

दुपारी दोन, बाहेर ४२ अंश. सरासरी ८.५ सेकंद. सकाळी सहा वाजता, २५ अंशांना, ८.१. गाडी तीच, दिवस तोच.

रिमॅपची, म्हणजे इंजिनच्या संगणकातले आकडे बदलून घेण्याची, चौकशीही पूर्ण केली. टर्बो इंजिनात बूस्ट, म्हणजे हवा आत ढकलणारा दाब, वाढवता येतो, म्हणून तिथे संगणकाचा नकाशा बदलल्याने बरेच काही मिळते. माझ्या इंजिनात टर्बो नाही. हवा जितकी शिरते तितकीच शिरणार, त्यामुळे इंधन आणि ठिणगीची वेळ यांत फेरफार करून मिळणारी वाढ थोडी आहे, आणि ती ठिणगी पुढे ओढून मिळवायची तर ४२ अंशांत इंजिन नॉक करण्याचा, म्हणजे आतले इंधन अवेळी पेटून ठोके बसण्याचा, धोका वाढतो. सायलेन्सर बदलण्याचा विचार याआधीच सोडला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. अलॉय चाकांबद्दल विमा कंपनीला लेखी कळवले आहे.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

नणंद माहेरी आली होती. आम्ही पाच जण, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या, आणि कन्नड घाट. चढताना जिथे पूर्वी पहिला गिअर टाकावा लागे त्या वळणावर आज दुसऱ्यात गाडी निघाली, एसी चालू असताना. उतरताना ब्रेकचा वास आला नाही.

१५ जून, रविवार

रात्री सर पडून गेल्याने रस्ता ओला होता, म्हणून औद्योगिक वसाहतीत मुद्दाम गेले. ताशी ५० वरून ओल्या सिमेंटवर १६.१ मीटर. जुन्या टायरचे ओल्यातले मोजमाप माझ्याकडे नाही. ते जानेवारीत घ्यायचे राहिले.

परत येताना गतिरोधकावर डाव्या मागच्या बाजूने एक मंद खट्‌ आवाज आला. घरी चाक काढून पाहिले तर शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवर तेल उतरून त्यावर माती चिकटली आहे. मागची जोडी बदलावी लागेल. एकच बदलली तर गाडी वळणावर दोन्ही बाजूंना सारखी बसणार नाही. मूळ भागाची मागणी धुळ्यात नोंदवली आहे, आणि नानांनी पुढच्या रविवारची सकाळ दिली आहे.